उजव्या बाजूचा बिल्ला

अप्पा,

बुधवारी गावातून फोन आला. मी स्टोअरमध्ये आलेल्या मालाची खोकी मोजून घेत होतो आणि मागं कॉम्प्रेसर चालू होता. ग्रामपंचायतीतला एक तरुण सदस्य बोलत होता, त्याचे वडील शाळेत माझ्या वर्गात होते. वळसंगच्या शाळेपुढं काळा दगड उभा करतायत म्हणे. गावातून आजवर जे जे सैन्यात गेले त्यांची नावं त्यावर कोरायची आणि प्रत्येक नावाखाली एक ओळ, त्यानं काय केलं याची. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की पडदा उघडायचा, आणि गावात वयानं सगळ्यांत मोठे म्हणून पडद्याची दोरी दोड्डप्पांच्या, तुमच्या थोरल्या भावाच्या, हातात द्यायची.

"काका, अप्पांच्या नावाखाली 'शौर्यपदक' टाकलंय," तो म्हणाला. "सोमवारी कोरणाऱ्याकडं कागद देतोय. बरोबर हाय न्हवं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तुमीच की! आमचे वडील सांगत्यात, तुमी वर्गात बिल्ला आणून दाखवला हुता. डोंगरावरनं शत्रू हाकलला म्हणून साहेबानं दिलाय म्हणला हुता. सगळ्या वर्गानं हातात घेऊन बघितला हुता त्यो."

आवाज येईना, नंतर बोलतो, असं म्हणून मी फोन ठेवला. आवाज चांगला येत होता.

आज रविवार. जुळे सोलापूरच्या या फ्लॅटमध्ये दुपारी दोनच्या पुढं ऊन जेवणाच्या टेबलावर येतं, आणि जानेवारीत ते बरं वाटतं. बिल्ला समोर ठेवलाय. चार दिवस झाले, सकाळी लिंगपूजेला बसतो, विभूती लावतो, हातावर लिंग घेतो आणि डोळे मिटले की दगड दिसतो. पूजेत मन लागत नाही हे तुम्हाला सांगायला मला संकोच वाटतो, पण तसं आहे. मी दमलोय, अप्पा. काम जास्त आहे म्हणून नव्हे, काम पूर्वीइतकंच आहे. या वयात आता नवीन काही ठरवावं लागू नये, असं वाटायला लागलंय. मुलीचं शिक्षण, पाठीचं दुखणं, फ्लॅटच्या गच्चीची गळती, हे सगळं ओळीनं उभं असताना तुमच्या नावाखालच्या दोन शब्दांची भर पडली. "दगडावर दोन शब्द लिहायला एवढे कागद लागतात व्हय?" असं ही मघाशी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली आणि आत गेली. तिला पूर्ण गोष्ट माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.

बिल्ला जुन्या रुपयापेक्षा थोडा मोठा आहे. पितळी, पातळ, मधे ठोकून उठवलेला एक सुळका आणि त्याखाली तीन आडव्या रेघा, बर्फाच्या असाव्यात. मागं एक पिन डाग देऊन बसवलीय, साडीला लावतात तसली. एका कडेला जाड रेघेसारखा ओरखडा आहे. लहानपणी मला वाटायचं, ती गोळी चाटून गेल्याची खूण. वर्गात मी तसंच सांगितलं होतं. तुमची सरकारी पदकं तीन. त्यांना रंगीत फिती आहेत आणि प्रत्येकाच्या कडेवर तुमचा नंबर आणि नाव कोरलेलं आहे, त्यामुळं ती दुसऱ्या कुणाची होऊ शकत नाहीत. या बिल्ल्यावर नाव नाही, नंबर नाही, पलटणीचं चिन्हसुद्धा नाही. निवृत्त झाल्यावर वर्षातून दोनदा, झेंडावंदनाला, तुम्ही पांढऱ्या सदऱ्यावर चारही लावायचात. तीन डावीकडं आणि हा एकटा उजवीकडं. मी एकदा अव्वाला म्हणालो होतो, अप्पांचं चुकलंय, हा पण तिकडंच लावायला पाहिजे, रांग चांगली दिसेल. अव्वा म्हणाली, "त्येंचं त्येंला इचार." मी विचारलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "डावी बाजू सरकारची. ही साहेबाची." मला काही कळलं नाही आणि तुम्ही पुढं सांगितलंही नाही.

तुम्ही सुट्टीवर यायचात ते दिवस आठवतात. ट्रंक पडवीत ठेवलेली, तिच्यावर पांढऱ्या रंगात तुमचा नंबर. दोड्डप्पा आधी तुमच्या गळ्यातलं लिंग बघायचे, आहे ना जागेवर, मग जेवायला बसायचे. त्यांच्या पंगतीत कांदासुद्धा सोमवारी चालायचा नाही. "सैन्यात खान्यापिन्याचं कसं रं करतोस?" ते विचारायचे. तुम्ही म्हणायचात, "माझं मी बगतो, दादा." "बंदूक हाय न्हवं हातात? मग झालं." यावर तुम्ही मान हलवायचात. हो म्हणून की नुसती, हे आता सांगता येत नाही. गावानं तुमच्या हातात बंदूक दिली ती दोड्डप्पांच्या त्या एका वाक्यानं, आणि तुम्ही ती नाकारली नाही. मी तिच्यात डोंगर आणि शत्रू घातला. 

तुम्ही निवृत्त होऊन चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यात लागलात, आणि आठ-दहा वर्षांनी तुमच्याच शब्दावर मला त्याच कारखान्याच्या स्टोअरमध्ये घेतलं. आपण दोघं सोलापुरात खोली करून राहायचो आणि शनिवारी गावी जायचो. गावात सगळ्यांना माहीत होतं की तुम्ही कॅन्टीनवर देखरेख करता. देखरेख कसली, पहिल्याच दिवशी मी बघितलं, तुम्ही बाह्या सारून दोनशे माणसांची आमटी ढवळत होता. पळी तुमच्या खांद्याएवढी उंच. माझ्याबरोबरची पोरं ताट पुढं करून म्हणायची, "सुभेदार, जरा बटाटं येऊ द्या की खालनं," आणि तुम्ही खालून पळी घालून बटाटे द्यायचात. सुभेदार तुम्ही कधीच नव्हता. मला त्या शब्दाची लाज वाटायची, आणि ती झाकायला मी एका जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगून टाकलं की माझ्या वडिलांना शौर्याबद्दल बिल्ला मिळालाय, साधा माणूस समजू नका. बावीस वर्षांचा होतो. वर्गात सांगितलं तेव्हा लहान होतो, हे मला चालवून घेता येतं. कॅन्टीनमधलं चालवून घेता येत नाही.

खोलीवरही स्वयंपाक तुम्हीच करायचात. एक गोष्ट रोजची होती आणि मला तिचं कधी नवल वाटलं नाही. आमटी उकळली की तुम्ही चमचाभर माझ्यापुढं धरायचात. "बग मीट." मी चाखून मीठ बरोबर आहे म्हणायचो आणि तुम्ही झाकण ठेवायचात. स्वतः कधी चाखायचा नाहीत. शुद्ध तुरीच्या डाळीची आमटी, तुमची तुम्ही केलेली, तरी नाही. मला वाटायचं, मुलाला आधी द्यायची ही तुमची माया.

पुढच्या सव्वीस जानेवारीला मॅनेजरसाहेबांच्या कानावर माझी थाप गेली आणि त्यांनी झेंडा तुमच्या हातून फडकवायचं ठरवलं. तुम्ही नको म्हणालात, पण साहेबांपुढं फार बोलायची तुम्हाला सवय नव्हती. कारखान्याच्या आवारात सगळे उभे, तुम्ही पांढऱ्या सदऱ्यात, तीन डावीकडं, एक उजवीकडं. झेंडा वर गेला. मॅनेजरसाहेब माझ्याकडून ऐकलेलंच बोलले, शौर्य, डोंगर, शत्रू. तुम्ही खाली बघत होता. टाळ्या झाल्या आणि लाडू वाटायला लागले तेव्हा गेटवरचे नाईक तुमच्याजवळ आले. मोहोळकडचे, सैन्यातून नाईक म्हणून निवृत्त होऊन आपल्याकडं वॉचमन झालेले. सगळे त्यांना नाईकच म्हणायचे. ते तुमच्या उजव्या खांद्याकडं बघत होते.

"कमांडरचा बिल्ला का हो?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"काम कुटलं हुतं तुमचं?"

"लांगरी."

लांगरी म्हणजे सैन्याच्या लंगरात रांधणारा. तुम्ही इतक्या सरळ सांगितलंत, जणू कुणी गावाचं नाव विचारलं होतं. शेजारी माझ्या स्टोअरची चार पोरं लाडू खात उभी होती. नाईक हसले. "आमच्याबी साहेबानं काढले हुते असले. धोब्याला दिला, न्हाव्याला दिला, मला न्हाय दिला. म्हणला, तू नुसता गोळ्या मोजत बसलास." तुम्हीही हसलात. दोघं तिथंच सावलीत उकिडवे बसलात आणि कुठल्या पोस्टवर रॉकेल कसं चढवायचे यावर बोलत राहिलात. पोरांनी माझ्याकडं बघितलं. दुसऱ्या दिवशीपासून मला स्टोअरमध्ये शौर्यचक्र म्हणायला लागले ते तीन-चार वर्षं.

त्या दुपारी हायवेवर एसटीची वाट बघत आपण लिंबाखाली उभे होतो. मी तुमच्यावर ओरडलो. बापाशी बोलू नये तसं बोललो. इतकी वर्षं का नाही सांगितलं, मला सगळ्यांपुढं तोंडावर पाडलं, एवढं बोललो. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "शौर्य कुणाला इचारून म्हणलास तू?" आवाज चढवला नाहीत. "मी कवा म्हणलो हुतो का तुला? ज्यानं केलं त्याला म्हणावं ते. माझ्याबरुबरचे दोगं तितंच ऱ्हायले बर्फात. त्येंच्या घरी कुटला बिल्ला गेला?" त्यानंतर दोन एसट्या गेल्या. आपण हात दाखवला नाही.

तेव्हा तुम्ही सांगितलंत. एका हिवाळ्यात बर्फानं वाट बंद झाली आणि वरच्या पोस्टवर बेचाळीस जण अडकले, त्यात तुम्ही एकटे लांगरी. पाणी नाही, बर्फ वितळवायचं. पितळी टाकीचे चार स्टोव्ह होते. थंडीत एकदा विझलेला स्टोव्ह पुन्हा पेटेपर्यंत माणसाचे हात जातात, म्हणून तुम्ही ठरवलं की एक तरी पेटता ठेवायचा. तीन महिने तुम्ही तो विझू दिला नाहीत. त्याच्याशेजारीच निजायचात, आवाज बदलला की उठून पिन मारायचात. पहाऱ्यावरून जो उतरेल त्याच्या हातात आधी चहाचा मग आणि नंतर बूट काढायला मदत. "एवडंच केलं म्या," तुम्ही म्हणालात. "च्या केला." वसंतात वाट उघडली आणि उरलेले खाली उतरले तेव्हा चारातले तीन स्टोव्ह फुटके होते. कमांडरसाहेबांनी ते फेकू दिले नाहीत. पलटणीच्या हत्यारं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडून टाक्या कापवल्या, चकत्या पाडल्या, सुळका ठोकवला, पिना लावल्या. त्या पोस्टवर राहिलेल्या प्रत्येकाला त्यांनी स्वतः लावला, उजवीकडं. डावी बाजू सरकारची, ही माझी, असं म्हणाले. तुमच्या बिल्ल्याच्या कडेचा तो ओरखडा गोळीचा नव्हता. टाकीच्या जोडावर दिलेल्या डागाची ती रेघ होती. महिन्याभरात वरून कागद आला की असले बिल्ले गणवेशावर लावायचे नाहीत, सरकारी नाहीत. साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, ट्रंकेत ठेवा, घरी जाल तेव्हा लावा. तुम्ही तसंच केलंत. नोकरी संपेपर्यंत तो कपड्यावर आला नाही.

मग मी विचारलं, हे सगळं घरी सांगायला काय हरकत होती. चहाच तर केलात. तुम्ही रस्त्याकडं बघत राहिलात.

"नुसता च्या न्हवं. सगळं केलं. डब्यातलं मटन आलं तर मटन केलं. बकरं आलं तर बकरं. पोरं माझीच हुती, त्येंनी काय खायाचं ते मी ठरवायचं व्हय? तोंडात न्हाय घातलं कवा. मीट बगायला पहाऱ्यावरनं उतरलेल्याला बोलवायचो. त्यो म्हणायचा, लांगरी, तूच चाख की. मी म्हणायचो, तू चाखलास म्हंजे झालं." आणि मग लिंबाखाली आल्यापासून पहिल्यांदा तुमच्या तोंडावर हसू आलं. "एक जाट पोरगं हुतं. मीट कमी हाय म्हणला. घातलं. परत चाखला, कमी हाय. परत घातलं. तिसऱ्यांदाबी कमीच. त्येला तीनदा चाखाय मिळावं म्हणून. मला काय कळतंय? त्या दिशी समदी पोस्ट खारट जेवली. मेजरसाहेब बर्फ खात बसला."

मी हसलो नाही. मला चमचा आठवला, रोज माझ्यापुढं धरलेला.

"दादाला सांगू नगंस," तुम्ही शेवटी म्हणालात. "माझ्या हातचं जेवायचा न्हाय त्यो. पाणीबी घ्यायचा न्हाय." मग एसटी आली आणि आपण चढलो. शौर्य म्हणायचं नाही आणि खरं सांगायचं नाही, असे दोन शब्द एकाच दुपारी तुम्ही माझ्याकडून घेतलेत. एवढी वर्षं दोन्ही पाळता आले, कारण कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून आज सकाळी गावी गेलो. खरं सांगतो, दोड्डप्पा रागावतील आणि लिहू नकोस म्हणतील, असं मनात धरून गेलो होतो. ते नको म्हणाले असते तर मी पंचायतीतल्या पोराला फोन करून नुसतं नाव राहू दे म्हणालो असतो, त्यानं ऐकलं नसतं, आणि शौर्य आपोआप दगडावर गेलं असतं. माझ्या अंगाला काही लागलं नसतं.

दोड्डप्पा कट्ट्यावर उन्हात बसले होते. सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत, नजर गेलीय, पण पावलांवरून माणूस ओळखतात. "सोलापूरचा व्हय? ये. कळलं का, पडदा मी वडणार हाय. नवं धोतर आणलंय पोरानं." मी शेजारी बसलो. सुनेनं ताटलीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणून ठेवली, आणि ती आत जाईपर्यंत मी थांबलो.

"दोड्डप्पा, अप्पा सैन्यात बंदूक नव्हते चालवत. लांगरी होते. स्वयंपाक करायचे, सगळ्या पोस्टचा."

"सैपाक?"

"हो."

"सगळा?"

"सगळा."

त्यांना कळलं. त्यांचा हात बंडीच्या आत गेला, लिंगावर, आणि तिथंच राहिला. गल्लीतून एक ट्रॅक्टर गेला. कोंबड्या आल्या, भाकरीचे तुकडे टिपून गेल्या. मी उठायच्या विचारात होतो. मग ते म्हणाले, "उप्पु?"

मला वाटलं, भाकरीला मीठ मागतायत. 

"मीट कोण बगायचं त्येचं?" ते म्हणाले. "रांधणाऱ्याला चाखाय लागतंय की."

मी पहाऱ्यावरून उतरणाऱ्यांचं सांगितलं. जाट पोराचं सांगितलं. दोड्डप्पा ऐकत होते, तोंड अर्धवट उघडं.

"तीनदा?"

"तीनदा."

"आन् ह्यानं घातलं?"

"घातलं."

"येडंच हुतं ते," दोड्डप्पा म्हणाले आणि हसायला लागले. हसता हसता खोकला आला, सून पाणी घेऊन धावली. पाणी पिऊन त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. मग म्हणाले, "तुझी दोड्डव्वा आजारी हुती तवा त्येनं म्हैनाभर रांधलं हितं. मी जेवलो. म्हणायचो, बायकांच्या हाताला येत न्हाय असली चव. मला सांगितलं असतं तर जेवलो नसतो बग. न्हाय सांगितलं ते बरं केलं." भाकरीची ताटली चाचपून बाजूला सारली. "लिव्ह काय लिव्हायचं ते. आता काय मी न जेवून करतोय? आन् मला काय दिसतंय व्हय त्या दगडावरचं. दोरी वडायची तेवडं काम माझं."

गाडीला किक मारताना त्यांनी हाक मारली. "बिल्ला आणशील त्या दिशी. हातात दे माझ्या. बगतो कसा हाय."

परत आल्यावर जेवून मी त्या पोराला फोन केला. 'शौर्यपदक' काढ आणि 'लांगरी' लिही, म्हणालो. पोरगा म्हणाला, "काका, लांगरी कुणाला कळंल? बाहेरची लोकं येणार बगाय. बाकीच्यांच्या नावाखाली लढाया हायत की." मी म्हणालो, मग कंसात सैन्यातला स्वयंपाकी असं लिही. "शौर्य काडून सैपाकी? लोकं हसतील, काका." हसू देत, म्हणालो. "आन् बिल्ल्याचं काय लिवू?" बिल्ला सरकारी नव्हे, तो दगडावर नको, तो आमच्या घरी राहील. "बगा बाबा," तो म्हणाला, "एकदा कोरलं की परत बदल म्हणू नका." 

परत बदल म्हणू नका, हे त्यानं म्हटलं आणि मला नाईकांचे हात दिसले. हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं, बाकीचं मधे येत गेलं. कुठं टाकायचं नाही हे मला कळतं. घडी घालून बिल्ल्याच्या डबीत ठेवीन आणि सव्वीसला डबी दोड्डप्पांच्या हातात देण्याआधी काढून घेईन.

तुम्ही गेलात त्याला अठरा वर्षं झाली. आपल्या रीतीप्रमाणं तुम्हाला पडवीत बसवलं होतं, पांढरा सदरा, कपाळाला आणि दंडांना विभूती. पदकं मी लावली. मला कुणी सांगितलं नव्हतं, मीच ट्रंक उघडली. तालुक्यातले निवृत्त सैनिक येणार होते, कारखान्यातले येणार होते, मला शौर्यचक्र म्हणणारी पोरंही. मी तीन सरकारी पदकं डावीकडं लावली आणि त्यांच्याच रांगेत चौथा म्हणून बिल्ला लावला. घाईत झालं नाही ते. लिंबाखालची दुपार मला पूर्ण आठवत होती. तिनापेक्षा चार बरे दिसतात, आणि आता तुम्ही काही म्हणणार नाही, एवढंच मनात होतं. लोक येऊन हार घालत होते, कुणाच्या लक्षात आलं नाही. अव्वाच्या आलं असेल, पण ती तेव्हा कशाकडं बघत नव्हती.

मग नाईक आले. तेव्हा त्यांचीही नोकरी संपली होती, मोहोळहून दोन एसट्या बदलून आले होते. त्यांनी हार घातला, ताठ उभं राहून सलाम केला. मग पुढं वाकले, हार सारखा करतायत असं लोकांना वाटलं असेल. त्यांनी बिल्ल्याची पिन काढली आणि तो उजवीकडं लावला. पिन दोनदा सटकली. माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही. मागं सरकले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. आता तेही नाहीत.

तोवर मला रडू आलं नव्हतं आणि त्यावरून बायका आपसात कुजबुजत होत्या. तेव्हा आलं, आणि थांबेना. दोघा-तिघांनी मला धरलं. बापावर लई जीव हुता पोराचा, असं कुणीतरी म्हणालं, आणि गावात अजून तसंच सांगतात. मी कधी कुणाला सांगितलं नाही, अप्पा, की ते रडू लाजेचं होतं.